मेंदूची ऊती किती मऊ, आणि ते मोजतात कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेंदूच्या ऊतीवर यांत्रिक चाचण्या करणाऱ्या माणसाला नवे विद्यार्थी, शल्यचिकित्सक आणि निव्वळ कुतूहलापोटी विचारणारे लोक बहुतेक वेळा सारख्याच शंका विचारतात. त्या शंका इथे एकत्र केल्या आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण खरी अडचण तिथेच आहे.

मेंदू विजेवर आणि रसायनांवर चालतो. त्याचा ताठपणा कशाला मोजायचा?

डोक्याला मार बसतो तेव्हा मेंदूला इजा होते ती ऊती ताणली गेल्यामुळे, पिळली गेल्यामुळे. ती किती ताणली जाईल हे तिच्या यांत्रिक गुणधर्मांवर ठरतं. हेल्मेटची रचना असो की अपघाताचं संगणकीय प्रारूप, दोन्हीच्या मुळाशी कोणीतरी प्रयोगशाळेत काढलेला एक आकडा असतो. तो आकडा चुकीचा असेल, तर त्यावर उभं केलेलं सगळं गणित नेटकं दिसूनही चुकीचंच निघतं.

शस्त्रक्रियेतही हा प्रश्न येतो. कवटी आणि तिच्या आतलं आवरण उघडलं की मेंदू जागचा सरकतो, कधीकधी एक सेंटिमीटर किंवा त्याहूनही जास्त. आधी काढलेल्या एमआरआयमध्ये गाठ जिथे दिसली होती, तिथे ती उरत नाही. ती कुठे गेली असेल याचा अंदाज बांधायचा, तर ऊती स्वतःच्या वजनाने किती खचते हे माहीत असायला हवं.

आकड्यात सांगा ना, किती मऊ?

यंग मॉड्युलस, म्हणजे दाबताना किंवा ताणताना पदार्थ किती प्रतिकार करतो याचं माप, साधारण १ किलोपास्कलच्या घरात. मोजण्याच्या पद्धतीनुसार काही शे पास्कलपासून काही हजार पास्कलपर्यंत.

नुसत्या आकड्यावरून काही डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून एक हिशेब करून पाहा. मेंदूचा १ सेंटिमीटर बाजूचा घन घ्या आणि त्याचा मॉड्युलस १ किलोपास्कल धरा. त्याला १० टक्के दाबायला १०० पास्कल दाब लागेल. म्हणजे त्या चौरस सेंटिमीटरवर जेमतेम १ ग्रॅम वजन. आता गंमत अशी, की त्या घनाचं स्वतःचंच वजन साधारण १ ग्रॅम आहे! टेबलावर नुसता ठेवला तरी तो स्वतःच्या भाराने काही टक्के बसतो. स्नायू याच्या कितीतरी पट ताठ असतो, आणि हाड तर जवळपास एक कोटी पट.

पूर्ण मेंदूचं वजन १,३०० ते १,४०० ग्रॅम. इतका मऊ गोळा कवटीत कोरडाच ठेवला असता, तर खालचा भाग वरच्या भाराने चेपला गेला असता. मस्तिष्कमेरू द्रवात, म्हणजे मेंदूभोवतीच्या पाण्यासारख्या द्रवात, तरंगत असल्यामुळे त्याचं परिणामी वजन ५० ग्रॅमच्या आसपास उतरतं. मेंदूला इतकं मऊ राहणं परवडतं, त्याचं एक मोठं कारण हा द्रव आहे असं मला वाटतं.

दाबला तर तो आकाराने लहान होतो का?

नाही, जवळजवळ अजिबात नाही. ऊतीत तीन चतुर्थांशांहून जास्त पाणी असतं, आणि पाणी दाबून लहान होत नाही. एका बाजूने दाबलं की ऊती दुसऱ्या बाजूने फुगते. आकारमान बदलायला लागणारा दाब गिगापास्कलच्या पातळीवरचा, तर नुसता आकार वाकडा करायला लागणारा किलोपास्कलच्या पातळीवरचा. दोहोंत साधारण दहा लाख पटींचा फरक.

हा फरक नीट समजून घ्यावा, कारण डोक्याच्या दुखापतीचं सगळं शास्त्र इथून सुरू होतं. ध्वनिलहर ऊतीच्या आकारमानाशी खेळते, म्हणून ती मेंदूतून सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जाते. कर्तनलहर, म्हणजे शिअर वेव्ह, ऊतीला आडवी हलवत जाते. तिचा वेग सेकंदाला एक ते तीन मीटर असतो, साधारण माणसाच्या चालण्याइतका. डोकं झटक्यात फिरलं की कवटी लगेच वळते, पण ती हालचाल आतल्या ऊतीपर्यंत या मंद लहरीनेच पोहोचते. मधल्या वेळात ऊती पिळली जाते. ए. एच. एस. होलबॉर्न या ऑक्सफर्डमधल्या भौतिकशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये जिलेटिनच्या प्रतिकृती वापरून नेमकं हेच मांडलं: सरळ रेषेतल्या धक्क्यापेक्षा डोक्याचं फिरणं मेंदूला जास्त घातक ठरतं. त्यांच्या हाताशी ना एमआरआय होता ना संगणक. तरीही मेंदू दाबाला दाद देत नाही पण कर्तनाला लगेच शरण जातो, या एका गोष्टीवरून त्यांनी निष्कर्ष काढला. या विषयातला माझा सर्वांत आवडता शोधनिबंध तोच.

वेगवेगळ्या शोधनिबंधांत दहा-दहा पटींनी वेगळे आकडे का दिसतात? कोणीतरी चुकतंय का?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. बहुतेक वेळा कोणीच चुकलेलं नसतं. प्रत्येकाने वेगळी गोष्ट मोजलेली असते आणि नाव मात्र एकच, ‘ताठपणा’.

पहिलं कारण वेग. मेंदूची ऊती स्प्रिंगसारखी नाही. तिच्यात स्प्रिंगही आहे आणि दाट द्रवही. झटकन दाबली तर ती ताठ वाटते, सावकाश दाबली तर मऊ. १९९७ मध्ये मिलर आणि चिंझेई यांनी डुकराच्या मेंदूचे नमुने दाबताना दाबण्याचा वेग एक लाख पटींच्या टप्प्यात बदलून पाहिला, आणि वेग वाढला तसा प्रतिकारही वाढत गेला. अपघात काही मिलिसेकंदांत घडतो, शस्त्रक्रियेत ऊती सरकते ती मिनिटांच्या हिशेबाने, आणि पाणी साठून मेंदूतल्या पोकळ्या फुगतात त्याला आठवडे किंवा महिने लागतात. या तिन्हींसाठी एकच मॉड्युलस वापरणं मला अजिबात पटत नाही.

दुसरं कारण वेळ. नमुना ठरावीक अंतर दाबून तसाच धरून ठेवा. यंत्रावर दिसणारं बल पहिल्या काही सेकंदांत झपाट्याने घसरतं, मग मिनिटानुमिनिटं हळूहळू उतरत राहतं. यालाच ऊती सैलावणं म्हणतात. कोणी शिखरावरचा आकडा लिहितो, कोणी पाच मिनिटांनंतरचा.

तिसरं कारण किती दाबलं हे. एक टक्का विकृतीला (विकृती म्हणजे मूळ लांबीच्या किती टक्के दाबलं किंवा ताणलं) मिळणारा आकडा वीस टक्क्यांना मिळत नाही. ऊती पुढेपुढे ताठ होत जाते. शिवाय ताणताना ती जितकी ताठ असते, त्यापेक्षा दाबताना जास्त असते. म्हणून एका सरळ रेषेचं सूत्र इथे पुरत नाही आणि ऑग्डेनसारखी अरेषीय, म्हणजे सरळ रेषेत न बसणारी, गणिती प्रारूपं वापरावी लागतात.

याशिवाय तापमान (गरम ऊती जास्त मऊ), प्राण्याची जात, वय, मेंदूचा भाग, आणि नमुना काढून किती तास झाले हे सगळं आहेच. आणखी एक साधा घोटाळा: कोणी यंग मॉड्युलस देतो, कोणी शिअर मॉड्युलस, म्हणजे आडव्या कर्तनाला होणाऱ्या प्रतिकाराचं माप. न दबणाऱ्या पदार्थात पहिला दुसऱ्याच्या तिप्पट असतो. तुलना करण्याआधी तीनने गुणायचं की नाही, एवढं पाहिलं तरी पुष्कळ भांडणं मिटतात.

प्रयोगशाळेत मोजायची साधी पद्धत कोणती?

तीन नेहमीच्या. ऊतीचा घन किंवा चकती दोन पट्ट्यांमध्ये दाबायची वा ताणायची. किंवा पातळ चकती रिओमीटर नावाच्या यंत्राच्या दोन गोल तबकड्यांमध्ये ठेवून वरची तबकडी मागेपुढे किंचित फिरवायची. किंवा गोल टोकाची सळई ऊतीत हलकेच रुतवून बल आणि खोली नोंदवायची. याला इंडेंटेशन म्हणतात.

काय विचारायचं आहे त्यावर निवड करावी. मोठ्या विकृतीचं प्रारूप हवं असेल तर पहिली पद्धत, कारण एकाच नमुन्यावर दाब, ताण आणि कर्तन तिन्ही करता येतात. कंपनांना ऊती कशी प्रतिसाद देते हे पाहायचं तर रिओमीटर. मेंदूच्या दोन शेजारच्या भागांतला फरक पाहायचा असेल तर इंडेंटेशनला तोड नाही, कारण भाग कापून वेगळा करावा लागत नाही.

नमुना हाताळताना काय सांभाळायचं?

नवशिक्यांचे आकडे यंत्रामुळे क्वचित बिघडतात. बिघडतात ते यंत्रापर्यंत पोहोचण्याआधी. म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला मेंदू वापरू नका. फॉर्मॅलिन प्रथिनांना एकमेकांशी बांधून टाकतं आणि ऊती अनेक पटींनी ताठ होते. ताजी ऊती हवी. ती मिळाल्यापासून चाचणीपर्यंत कृत्रिम मस्तिष्कमेरू द्रवात, थंड ठेवायची. साध्या पाण्यात ठेवली तर पेशी पाणी शोषून फुगतात. उघडी ठेवली तर पृष्ठभाग सुकतो आणि तिथे ताठ पापुद्रा तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण इंडेंटरला मात्र आधी तोच लागतो.

कापताना पातं ओलं आणि नवं असावं. बोथट पातं कापण्याऐवजी ओढतं, आणि ऊती आतून फाटते. पातळ काप हवे असतील तर कंप पावणाऱ्या पात्याचं यंत्र, व्हायब्रॅटोम, वापरावं.

ताणण्याच्या चाचणीत नमुना चिमट्यात धरता येत नाही, चिमटाच त्याला चिरडतो. म्हणून तो सायनोअॅक्रिलेटने, म्हणजे झटपट चिकटणाऱ्या गोंदाने, पट्टीला चिकटवतात. गोंदाचा थर शक्य तितका पातळ हवा. जास्त झाला तर तो बाजूंनी वर चढतो आणि कडक कवच बनवतो. मग तुम्ही मेंदू नाही, गोंद मोजत असता. सुरुवातीला माझे दोन आठवड्यांचे आकडे यामुळेच टाकून द्यावे लागले होते. ते संशयास्पदरीत्या ताठ येत होते आणि मला मात्र वाटत होतं की काहीतरी नवीन सापडलं.

शून्य कुठे धरायचं, हा यातला सर्वांत बिकट भाग. ऊती स्वतःच्या वजनाने बसलेली असते, तिचा पृष्ठभाग ओला आणि चिकट असतो, आणि पट्टी टेकण्याआधीच द्रवाचा पडदा तिला ओढून घेतो. स्पर्श नेमका कधी झाला हे अर्ध्या मिलिमीटरने चुकलं, तर ५ मिलिमीटर उंचीच्या नमुन्यात १० टक्के विकृती सुरुवातीलाच चुकीची धरली जाते. उंची प्रत्येक नमुन्याची वेगळी मोजा, छायाचित्र काढून ठेवा, आणि शून्य कशावरून ठरवलं ते वहीत लिहा.

पहिल्या दाबाचा आलेख दुसऱ्यासारखा येत नाही, दुसरा आणि तिसरा मात्र एकमेकांच्या जवळ असतात. पहिला आलेख टाकून देण्याची काहींना सवय असते. मी तो ठेवतो. अपघातात मेंदूला सरावाच्या दोन फेऱ्या मिळत नाहीत.

अणुबल सूक्ष्मदर्शक इथे काय करतो?

हे यंत्र, ज्याला सगळे एएफएम म्हणतात, १९८६ मध्ये बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनी पुढे आणलं. मुळात ते पृष्ठभागांची अतिसूक्ष्म चित्रं काढण्यासाठी होतं. ऊतीसाठी त्याच्या लवचिक पट्टीच्या टोकाला काही मायक्रोमीटर ते काही दशक मायक्रोमीटर व्यासाचा गोल मणी चिकटवतात आणि तो मणी ऊतीत काही मायक्रोमीटर रुतवतात. पट्टी किती वाकली यावरून बल कळतं. पुढचं गणित हाइनरिश हर्ट्झ यांच्या १८८२ च्या संपर्कसिद्धांताचं. काचेची भिंगं एकमेकांवर टेकवली तर काय होतं या प्रश्नातून जन्मलेलं ते सूत्र आज जिवंत ऊतीचे नकाशे काढायला वापरतात, हे मला आजही विलक्षण वाटतं.

टोकदार सुई वापरू नका. ती एखाद्या पेशीवर, तंतूवर किंवा मधल्या पोकळीत पडते आणि प्रत्येक बिंदूला वेगळाच आकडा येतो. मणी सरासरी देतो. आणि हर्ट्झचं सूत्र पदार्थ एकसारखा, निव्वळ स्थितिस्थापक आणि न चिकटणारा आहे असं धरून चालतं. मेंदू यातलं काहीच नाही. म्हणून येणाऱ्या आकड्याला ‘त्या वेगाला आणि त्या खोलीला दिसलेला मॉड्युलस’ म्हणणं जास्त प्रामाणिक.

जिवंत माणसाच्या मेंदूला हात न लावता ताठपणा मोजता येतो?

येतो. पद्धतीचं नाव मॅग्नेटिक रेझोनन्स इलास्टोग्राफी, थोडक्यात एमआरई. मेयो क्लिनिकमधल्या मुथुपिल्लई, एहमन आणि सहकाऱ्यांनी ती १९९५ मध्ये मांडली. माणूस एमआरआय यंत्रात आडवा होतो, डोक्याखालची उशी हवेच्या दाबाने थरथरते, बहुधा सेकंदाला ५० किंवा ६० वेळा. त्या थरथरीने मेंदूत कर्तनलहरी पसरतात. ऊती हलते ती मायक्रोमीटरच्या मापात, पण यंत्राचं चुंबकीय क्षेत्र त्याच तालावर बदलवलं की एवढी हालचालही चित्रात उतरते.

लहर मऊ भागात आखूड होते, ताठ भागात लांबते. सेकंदाला १.५ मीटर वेग आणि ५० कंपनं, म्हणजे लहरीची लांबी ३ सेंटिमीटर. ठिकठिकाणची लांबी वाचून संगणक ताठपणाचा नकाशा तयार करतो. निरोगी प्रौढ मेंदूत शिअर मॉड्युलस साधारण २ ते ३ किलोपास्कल दिसतो.

मर्यादा कडेला आहे. मेंदूचं बाह्यक, म्हणजे सर्वांत बाहेरचा थर, काही मिलिमीटर जाडीचं, आणि त्याला लागूनच द्रव, ज्यात कर्तनलहर चालतच नाही. चित्राच्या एका ठिपक्यात दोन्ही आले की तिथला आकडा खाली ओढला जातो. बाह्यकाबद्दलचे एमआरईचे आकडे मी नेहमी जरा हात राखून वाचतो.

त्या थरथरीने मेंदूला इजा होत नाही का?

नाही. हालचाल केसाच्या जाडीपेक्षाही कमी असते आणि विकृती इजेच्या पातळीपासून फार दूर. गिनीपिगच्या डोळ्याच्या नसेवरच्या प्रयोगांत चेतातंतूंचं काम बिघडायला १८ टक्क्यांच्या आसपास ताण लागला होता. एमआरईतली विकृती एक टक्क्याच्याही पुष्कळ खाली असते.

पांढरा भाग जास्त ताठ की करडा?

पांढरा भाग मुख्यतः चेतातंतूंचा, करडा मुख्यतः चेतापेशींचा. दोन्ही उत्तरं छापून आलेली आहेत. गाईबैलांच्या मेंदूच्या कापांवर २०१५ मध्ये केलेल्या इंडेंटेशनमध्ये पांढरा भाग सरासरी १.९ आणि करडा १.४ किलोपास्कल आला. एमआरईतही पांढरा भागच सहसा ताठ दिसतो. पण मानवी मेंदूच्या ५ मिलिमीटरच्या घनांवर दाब, ताण आणि कर्तन अशा तिन्ही चाचण्या केल्या, २०१७ मध्ये, तेव्हा बाह्यकाचा करडा भाग सर्वांत ताठ निघाला आणि दोन गोलार्धांना जोडणारा पांढरा पट्टा सर्वांत मऊ.

माझ्या मते दोन्ही निकाल खरे आहेत. पांढऱ्या भागात वेगाचा परिणाम जास्त दिसतो आणि तो सावकाश सैलावतो. ५० हर्ट्झच्या इवल्याशा थरथरीत त्याचा ताठपणा वर येतो. मोठ्या, संथ विकृतीत तसा येत नाही. शिवाय एमआरईतली ऊती जिवंत असते, रक्ताने भरलेली असते.

मग मृत ऊतीचे आकडे जिवंत मेंदूला लावायचे की नाही?

जपून. मृत्यूबरोबर रक्तप्रवाह थांबतो, पेशींमधलं पाणी जागा बदलतं. डुकरांवरच्या २०१८ मधल्या एका एमआरई अभ्यासात मृत्यूनंतर काही मिनिटांतच मेंदू ताठ झालेला दिसला. पुढे ऊती कुजू लागली की ती मऊ होते. म्हणजे बदल एकाच दिशेने होत नाही, आणि ‘अमुक टक्के कमी करा’ असा सोपा उपाय नाही. भागाभागांतली तुलना मात्र मृत ऊतीवरही बऱ्यापैकी विश्वासाची असते, सगळे नमुने सारख्या वेळेत तपासले असतील तर.

वय किंवा आजाराने काय बदलतं?

वय वाढतं तसा मेंदू मऊ होतो, प्रौढपणी वर्षाला साधारण एक टक्क्याच्या आत. अल्झायमर रोगात आणखी मऊ होतो: २०११ च्या एका अभ्यासात निरोगी गटाची सरासरी २.३७ किलोपास्कल होती, तर रुग्णांची २.२०. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्येही, म्हणजे चेतातंतूंच्या आवरणाला इजा होणाऱ्या आजारात, घट दिसते. फरक लहान आहेत आणि माणसामाणसांतली तफावत मोठी, त्यामुळे एका व्यक्तीच्या आकड्यावरून निदान करता येत नाही. तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

गाठींचं वेगळं आहे. मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणातली गाठ, मऊ आहे की टणक हे शस्त्रक्रियेआधी कळलं, तर ती शोषून काढता येईल की तुकडे करावे लागतील याची तयारी करता येते. इथे एमआरईचा उपयोग मला सर्वांत ठोस वाटतो.

पेशींना स्वतःला ताठपणा कळतो?

कळतो, आणि या क्षेत्रात मी टिकून राहिलो तो याच प्रश्नामुळे. २००६ मध्ये दाखवलं गेलं की मूलपेशी मेंदूइतक्या मऊ जेलवर ठेवल्या तर चेतापेशींच्या वळणावर जातात, स्नायूइतक्या ताठ जेलवर स्नायूंच्या, आणि त्याहून ताठ जेलवर हाडाच्या. दहा वर्षांनी बेडकाच्या भ्रूणात दिसलं की डोळ्यातून निघालेले चेतातंतू मेंदूत वाट काढताना मऊ बाजूकडे वळतात. ताठ भागाकडून मऊ भागाकडे होणारा हा क्रमाक्रमाचा बदल बिघडवला तर त्यांची वाटही बिघडते. म्हणजे रसायनांच्या खुणांसोबत मऊ-ताठपणाचाही एक नकाशा वाढत्या मेंदूत आहे.

मेंदूला जखम झाल्यावर होणारा व्रण मात्र सगळ्यांना ताठ वाटायचा, त्वचेच्या व्रणासारखा. २०१७ मध्ये उंदरांच्या ऊतीवर एएफएमने मोजलं तेव्हा तो निरोगी ऊतीपेक्षा मऊ निघाला. मोजेपर्यंत उलटंच धरून चाललेलं होतं.

मेंदूत बसवायच्या इलेक्ट्रोडचा याच्याशी काय संबंध?

सिलिकॉन मेंदूपेक्षा साधारण दहा कोटी पट ताठ आहे. प्रत्येक नाडीच्या ठोक्याला मेंदू किंचित हलतो, इलेक्ट्रोड वाकत नाही, आणि भोवतालची ऊती घासली जाते. काही काळाने तिथे व्रण धरतो आणि संकेत क्षीण होतात. म्हणून लवचिक इलेक्ट्रोडवर इतकं काम चालू आहे.

सरावासाठी मेंदूऐवजी काय वापरू?

०.६ टक्के अॅगरोज जेल. मऊपणाला जवळ आहे, पारदर्शक आहे, आणि शून्य शोधायचा, गोंद लावायचा हात त्यावर बसतो. मात्र ते मेंदूसारखं सैलावत नाही आणि लवकर तडकतं, त्यामुळे त्यावरचे आकडे मेंदूचे म्हणून वापरू नका.

माझ्या प्रारूपासाठी शोधनिबंधातून आकडा निवडायचा आहे. कुठून सुरुवात करू?

आधी तुमच्या घटनेचा काळ लिहा: मिलिसेकंद, सेकंद की तास. मग विकृती साधारण किती होईल ते लिहा. या दोन्हींच्या जवळ जाणारी चाचणी ज्यांनी केली, तेच निबंध बाजूला काढा. बाकीचे कितीही प्रसिद्ध असले तरी ठेवून द्या. उरलेल्यांत प्राणी, मेंदूचा भाग, तापमान आणि मृत्यूनंतरचे तास पाहा. यंग की शिअर, आणि शिखरावरचा आकडा की सैलावल्यानंतरचा, हे सापडत नसेल तर त्या निबंधातला आलेख घेऊन स्वतः उतार काढा. शेवटी एकच आकडा न घेता खालचा आणि वरचा असे दोन घ्या आणि प्रारूप दोनदा चालवा. उत्तर दोन्ही वेळा सारखंच आलं तर पुढे जा. वेगळं आलं तर तुमच्या कामाला त्या आकड्याची अचूकता खरोखरच हवी आहे, आणि चाचणी स्वतः करण्याची वेळ आली आहे.